चूक स्वस्तात पडावी म्हणून

आमच्या घरी एक पोळपाट आहे, त्याला खिळ्यांची नऊ भोकं आहेत. सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती मी पाडली. एका जुन्या इंग्रजी मासिकात बॅटरीशिवाय चालणाऱ्या रेडिओची आकृती होती आणि खाली सूचना होती की सगळे भाग ब्रेडबोर्डवर बसवावेत. शब्दकोशात अर्थ निघाला, पाव कापायची फळी. आमच्याकडे पाव यायचा तो कुणाला ताप आला तरच, दुधात बुडवून द्यायला. त्याच्यासाठी वेगळी फळी कोण ठेवतो? त्यातल्या त्यात जवळची वस्तू म्हणून मी पोळपाट घेतला. त्यावर गँग कंडेन्सर, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली कॉइल आणि ओए ७९ हा काचेच्या अंगाचा इवलासा डायोड बसवला. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारून एक लांब तार ओढली, अर्थिंगला नळाचा लोखंडी पाइप धरला आणि क्रिस्टल इअरफोन कानात घातला. ७९२ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणीचं पुणे केंद्र, मुंगीच्या आवाजात का होईना, बोलायला लागलं.

त्या दिवशी पोळ्या पालथ्या ताटावर लाटल्या गेल्या. आई एवढंच म्हणाली, "आवाज तरी येतोय का रे?"

पुढे कळलं की मी फारसा चुकलो नव्हतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले हौशी रेडिओवाले स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या फळीवरच भाग ठोकून सेट बांधत. आज आपण ज्या पांढऱ्या, भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला ब्रेडबोर्ड म्हणतो, त्याला ते नाव तिथूनच चिकटलं.

तर ती माझी पहिली चूक आणि तिची किंमत एक पोळपाट. त्यानंतरच्या काही चुका चहाच्या पैशांत निभावल्या, काहींनी महिन्याचा पगार खाल्ला, आणि एक अशी होती की तिचा हिशेब करायला मी उरलो नसतो. या छंदात चुका टाळता येत नाहीत. टाळायच्याच म्हटल्या तर छंद सोडावा लागेल, कारण सर्किट न चालणं आणि ते का चालत नाही हे रात्री एक वाजेपर्यंत शोधत बसणं, यातच सगळी गंमत आहे. आपल्या हातात एवढंच असतं की चूक व्हायचीच आहे असं धरून टेबल मांडायचं, म्हणजे झालीच तर ती स्वस्तात पडते. हे पुस्तक त्या मांडणीबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी पुस्तकं खूप आहेत. त्यातली सर्किटं कागदावर नेहमीच चालतात. टेबलावर ती का चालत नाहीत, आणि न चालताना आपल्याला काय करून ठेवतात, हे त्यांत क्वचितच असतं.

भाषेबद्दल आधीच सांगून ठेवतो. पाठ्यपुस्तकातले रोधक, धारित्र हे शब्द चांगले आहेत, पण पुण्याच्या बुधवार पेठेत काउंटरवर जाऊन "शंभर मायक्रोफॅरडची दहा धारित्रं द्या" म्हणालात तर दुकानदार तुमच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. तिथे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर मागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही तेच. त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा. म्हणून पुस्तकातले शब्द काउंटरवरचे आहेत. एका बाबतीत मात्र मी हट्ट सोडलेला नाही. सोल्डरिंगला मराठीत जुना, कासारांच्या आणि तांबटांच्या तोंडचा शब्द आहे, डाख. भांड्याला डाख देतात. पहिल्या प्रकरणात तो शब्द भेटेल तेव्हा दचकू नये.

सोल्डरिंगचं प्रकरण पहिलं ठेवलं त्यालाही कारण आहे. नव्या माणसाची दहातली नऊ सर्किटं डाख नीट न बसल्यामुळे बंद असतात, आणि तो बिचारा आयसी बदलत बसतो. मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, कल्हईवाल्याने शिकवलं. वाड्याच्या चौकात तो भाता लावून बसायचा. भांडं निखाऱ्यावर धरायचा, ते पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवायचा. कथील भांड्यावर वितळायचं आणि चिंधीने फिरवलं की आत चांदीसारखा प्रकाश पडायचा. त्याने कांडी कधी निखाऱ्यावर धरली नाही. आपण नेमकं तेच करतो. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि जोडावर नेऊन पुसायचा. थेंब तिथे बसल्यासारखा दिसतो, पण आतून धरलेला नसतो. दुरुस्तीवाले त्याला ड्राय म्हणतात. तार आणि बोर्डावरचं तांबं दोन्ही तापवा, सोल्डर त्यांना टेकवा, ते आपणहून पळत जाऊन बसेल. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच अंशाला गोठतं, अधेमधे लापशी होत नाही. म्हणून शिकायला ते बरं. बिनशिशाचं सोल्डर २१७ च्या पुढे वितळतं आणि हात बसेपर्यंत छळतं.

कल्हईवाल्याकडून एक गोष्ट मात्र उचलू नये, ती म्हणजे नवसागर. मी उचलली. बाजारात मिळणारी एक स्वस्त पेस्ट मी एका अँप्लिफायरला सढळ हाताने लावली होती. वास तोच, धूर तोच, डाख झकास. एक पावसाळा गेला आणि बोर्डावरच्या तांब्याला हिरवा रंग चढला, जणू तळ्यातून काढलेली घागर. असली पेस्ट पत्र्याच्या कामाला ठीक, इलेक्ट्रॉनिक्सला राळच हवी. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेली असतेच. धूर निघतो तो या राळेचा, शिशाचा नव्हे. आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही. पण राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून कॉम्प्युटरमधला जुना पंखा धूर बाजूला ओढेल असा ठेवावा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डरिंग करता करता शेंगदाणे खाणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आणि पडणारी आयर्न पकडायची नाही. हे वाक्य मी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर छापायचं म्हणत होतो, संपादकांनी नकार दिला. हातातून काहीही निसटलं की आपण ते झेलतो, चेंडू असो की कपबशी. हे डोक्याला विचारून होत नाही. साडेतीनशे अंशांचं टोक मी एकदा डाव्या तळव्याने झेललं आहे. त्यावर घरातल्यांनी टूथपेस्ट थापली, तीही चूकच. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी धरायचं, बाकी काही लावायचं नाही. त्या दिवसापासून मी आयर्नचं स्टँड टेबलाला स्क्रूने पक्कं केलं आणि वायर डाव्या बाजूने लोंबणार नाही अशी बांधली. झेलू नकोस असं हाताला सांगून तो ऐकत नाही. पडणारच नाही अशी सोय करणं सोपं.

सुट्या भागांबद्दल दुसरं प्रकरण आहे आणि ते माझं लाडकं आहे. रेझिस्टन्सवरच्या रंगांचा क्रम इंग्रजी आद्याक्षरांवरून लक्षात राहावा म्हणून आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या बी. बी. रॉय नावाच्या काल्पनिक सद्गृहस्थांना पाठ करत आल्या. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० ओहम. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा तर हाच रेझिस्टन्स हाताशी हवा. एलईडी दोन व्होल्ट खातो, उरलेल्या सातांना ४७० ने भागा, पंधरा मिलिअँपिअर. पण पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल, तपकिरी आणि नारिंगी या तिघांची भावंडं होतात. त्यामुळे बी. बी. रॉय पाठ असले तरी बसवण्याआधी मीटरने मोजावं. बसवल्यानंतर मोजलं तर शेजारचे भागही मोजणीत घुसतात आणि आकडा खोटा येतो.

खरी फसवणूक पट्ट्यांमध्ये आहे. साध्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या अंगावरचा पट्टा मायनसचं टोक दाखवतो. टँटलमच्या कंडेन्सरवर तसाच पट्टा असतो, तो प्लस दाखवतो. डायोडवरचा पट्टा कॅथोड. तिन्ही भाग एकाच बोर्डावर, तिन्ही पट्टे एकाच धाटणीचे, आणि ही रचना कुणा शहाण्याने केली हे शोधायच्या भानगडीत मी पडलेलो नाही. इलेक्ट्रोलायटिक उलटा लागला तर आधी काहीच होत नाही. माणूस निर्धास्त होऊन वर वाकून बघतो, आणि नेमकं तेव्हा डबीच्या डोक्यावरची फुलीची खाच फाटून आतला माल बाहेर येतो. ती फुली मुद्दाम असते. दाब वाढला तर तिथूनच फुटावं आणि अख्खी डबी गोळीसारखी उडू नये म्हणून. माझा पहिला फुटला तेव्हा भिजलेल्या कागदाच्या चिंध्या शेजारच्या पोह्यांच्या ताटलीत पडल्या होत्या. टँटलम तेवढं सभ्य नसतं, ते पेट घेतं. म्हणून नवं सर्किट पहिल्यांदा चालू करताना तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा. भागांचे पाय कापतानाही तोच चष्मा. कटरने तोडलेलं तारेचं टोक कुठे जाईल हे कटरलाच माहीत, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरून कापावं.

ट्रान्झिस्टरच्या पायांचंही असंच. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकन आकृत्यांमध्ये ज्याची सतत भेट होते तो २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. काउंटरवर "तो नाही, पण हा चालेल" म्हणून पहिला मिळतो, आणि तो चालतोही, फक्त उलटा बसवून चालत नाही. किंवा त्याहून वाईट, थोडासा चालतो. अजिबात न चालणारं सर्किट प्रामाणिक असतं. थोडंसं चालणारं सर्किट आठवडा खातं.

७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरला मी या प्रकरणात चार पानं दिली आहेत. ती जास्त वाटतील. पण बारा व्होल्ट आत, पाच बाहेर आणि अर्धा अँपिअर करंट म्हटला की सात गुणिले अर्धा, साडेतीन वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्याला सहन करायची आहे, हे गणित न करता लोक हिट सिंकशिवाय तो लावतात आणि "आयसी खराब निघाला" म्हणून दुकानात परत नेतात. आयसी खराब नसतो, तापला की तो स्वतःला बंद करून घेतो. ५५५ या टायमर आयसीबद्दल मात्र थोडक्यात आटोपलं आहे. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये तो आखला, १९७२ मध्ये तो बाजारात आला आणि अजून विकला जातोय. त्याच्यावर लिहायला मी कशाला हवा?

फेरिक क्लोराईडचं प्रकरण लिहिताना मला अजून अपराधी वाटतं. घरी बोर्ड कोरायचा तर ते लागतंच. मी ते स्टीलच्या वाटीत कालवलं होतं. ते तांबं खातं तसं स्टीलही खातं, हे वाटीला आरपार भोक पडल्यावर कळलं. उरलेलं मोरीत ओतलं. शहाबादी फरशीवरचा तपकिरी डाग घर सोडेपर्यंत गेला नाही. प्लास्टिकचा ट्रे, हातमोजे, आणि वापरलेलं पाणी मोरीत नाही, एवढ्या तीन गोष्टी.

आता टेबलाबद्दल. आपल्याकडच्या हौशी माणसाचं टेबल म्हणजे रात्रीची जेवणं उरकल्यावर पुसलेलं जेवणाचं टेबल, नाहीतर बंद केलेल्या बाल्कनीतली खिडकीखालची फळी. त्यामुळे नीटनेटकेपणावर भाषण द्यायची माझी हिंमत नाही. शिवाय या क्षेत्रातले देवच पसाऱ्यात राहणारे. कॅलिफोर्नियातले जिम विल्यम्स हे अॅनालॉग सर्किटांच्या दुनियेतलं केवढं मोठं नाव, पण त्यांच्या टेबलावर कोपर टेकायला जागा नसायची. जून २०११ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांचं टेबल सगळ्या पसाऱ्यासकट माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये मांडलं गेलं. त्यांचे समकालीन बॉब पीज हेही कागदांच्या ढिगाऱ्यासाठी प्रसिद्ध. दोष कसा शोधावा यावरचं पीज यांचं पुस्तक मी दर दोन वर्षांनी वाचतो. विल्यम्स यांच्या शोकसभेहून परतताना पीज यांची जुनी फोक्सवॅगन बीटल रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तेही गेले. गाडी चालवताना अपघात कसे टाळावेत यावर या माणसाने एक अख्खं पुस्तक लिहिलेलं होतं. मला ही गोष्ट आठवली की मी सूचना लिहिताना जरा खालच्या आवाजात लिहितो.

पसारा असू द्या. फक्त २३० व्होल्टची जागा वेगळी ठेवा. टेबलाच्या एका कोपऱ्यात, एका बोर्डावर, आणि सगळा पुरवठा एकाच मोठ्या स्विचने बंद होईल असा. तो स्विच टेबलावर झुकावं न लागता हाताला यायला हवा आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. चिकटलेल्या माणसाला ओढायचं नाही, आधी स्विच, हे घरात एकदा स्पष्ट बोलून ठेवा. बोलताना विचित्र वाटतं, तरी बोला.

सिरीज बोर्डाची ओळख मला आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी करून दिली. त्यांच्या दुकानात पायाखाली लाकडी पाट, एक हात बहुतेक वेळा खिशात आणि डोक्याशी एक शंभर वॅटचा उघडा बल्ब. मी विचारलं, "काका, दिवसा बल्ब कशाला?" ते म्हणाले, "तो उजेडासाठी नाही रे, तो आमचा वैद्य आहे." दुरुस्तीची वस्तू थेट प्लगमध्ये न घालता ती फेजच्या वाटेवर या बल्बच्या पुढे जोडायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा भार स्वतःच्या अंगावर घेतो. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, नुकताच घातलेला महागडा ट्रान्झिस्टर वाचतो. वस्तू ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद होतो. ती लखक म्हणजे आतला मोठा कंडेन्सर भरल्याची पोच. यामागची युक्ती बल्बच्या तारेत आहे. शंभर वॅटच्या तापलेल्या तारेचा रेझिस्टन्स ५२९ ओहम, पण गार असताना त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे करंट थोडा असेल तर बल्ब वाटेतून बाजूला होतो आणि करंट वाढला की आडवा पडतो. इतका स्वस्त आणि इतका हुशार भाग मी दुसरा पाहिलेला नाही.

पण तो तुमचा वैद्य नाही, वस्तूचा आहे. इथे अनेकजण चुकतात, मीही चुकलो. तोच शंभर वॅटचा बल्ब चारशे मिलिअँपिअरहून जास्त करंट सोडू शकतो. टेबलावरचा आपला साधा एलईडी वीस मिलिअँपिअरवर झकास पेटतो. तेवढाच करंट एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात गेला तर मूठ आवळली जाते आणि धरलेली तार सोडता येत नाही. त्यासाठी दहाच्या आसपासही पुरतो. म्हणून घरात बसवतात ते आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलच्या करंटात तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडणारं असतं. घामेजल्या हातांचं शरीर हजारेक ओहमचं धरलं तर २३० व्होल्टला किती करंट होतो, हे वाचकाने स्वतः काढावं. आरसीसीबीलाही मर्यादा आहे. त्याला जमिनीकडे पळालेला करंट कळतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक साधा बल्ब आहात.

माझी ती चूक अशी. रात्री साडेबारा, एका पॉवर सप्लायचं काम, सिरीज बोर्डाचा स्विच बंद. बोर्ड नेहमी वापरातला, स्विच मीच बसवलेला, आणि तो न्यूट्रलवर बसवलेला. बल्ब विझलेला, म्हणजे सगळं मेलेलं, असा माझा समज. बोर्डावर फेज जिवंतच होता. पायात चप्पल नव्हती आणि उन्हाळा म्हणून फरशी नुकती पुसलेली. नशीब एवढंच की हात धरायला नव्हे, उलट्या बाजूने काहीतरी सरकवायला गेला होता. त्यामुळे आवळलेल्या स्नायूंनी तो तारेवर मिटला नाही, मागे ओढला. मी खुर्चीसकट भिंतीवर आपटलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो आणि कुणाला काही सांगितलं नाही, दोन वर्षं. तिसऱ्या प्रकरणात स्विच, फेज आणि टेस्टर यांवर जे कंटाळवाणं वाटावं इतकं लिहिलं आहे, ते या रात्रीमुळे. टेस्टर पेटला तर फेज आहे हे खरं. पेटला नाही तर फेज नाही, हे खरं नव्हे. तो बिघडलेला असू शकतो, किंवा भर उन्हात त्याचा निऑन दिसत नसतो. आधी चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो हे बघा, मग संशयाच्या जागी लावा.

पुरवठा तोडला तरी मोठे कंडेन्सर जिवंत असतात. चार्जर, टीव्ही, कॉम्प्युटर यांच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कंडेन्सर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो, कारण २३० हा एसीचा सरासरीसारखा आकडा आहे, शिखर त्या सव्वातीनशेवर असतं. स्क्रूड्रायव्हर टेकवून तो उडवायची पद्धत दुकानात सर्रास दिसते. ठिणगी पडते, ड्रायव्हरचं टोक खाल्लं जातं आणि कधी कंडेन्सरही जातो. दोन-अडीच किलोओहमचा पाच वॅटचा रेझिस्टन्स स्लीव्ह घालून तारांना डाखून ठेवा, दोन-तीन सेकंद टेकवा, मग मीटरने खात्री करा.

मीटरचंही एक दुखणं आहे. स्वस्त पिवळ्या मल्टीमीटरला तीन भोकं असतात, त्यातलं एक दहा अँपिअरचं, आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं की याला फ्यूज नाही. करंट मोजताना लाल वायर त्यात घालतात. मोजून झाल्यावर ती तिथेच राहते. चार दिवसांनी तोच मीटर उचलून कुणीतरी सॉकेटचे व्होल्ट मोजायला जातं, म्हणजे फेज आणि न्यूट्रल तारेने जोडतं. आमच्या सोसायटीचा मी एका रविवारी संध्याकाळी असा अंधार केला आहे. प्रोबचं टोक वितळून सॉकेटवर तांब्याचा शिंतोडा उडाला, तो मी अजून पुसलेला नाही. करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवण्याआधी वायर जागेवर. खाली ठेवल्यानंतर कुणाच्याही लक्षात राहत नाही.

कमी व्होल्टेज म्हणजे सुरक्षित, ही समजूतही मला जरा खरवडायची आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि पलंगाखाली मोटारीची असावी तशी बारा व्होल्टची बॅटरी आली. तिला हात लावून शॉक बसत नाही. पण बोटातली अंगठी आणि पाना मिळून दोन टोकांत आले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि सोनं बोटावर तापतं. मी ज्याच्याकडून बॅटऱ्या घेत असे त्या माणसाच्या बोटावर तशी कडी कायमची उमटलेली होती. लिथियमचे १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, आता मुलांच्या हातात सहज येतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले, किंवा वर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले. त्या मापाच्या सेलमध्ये तेवढी वीज मावत नाही. चांगल्यात चांगल्या सेलची मजल साडेतीन-चार हजारांच्या आसपास संपते. आकडा जिथे खोटा तिथे आतली सुरक्षाही खरी असेल असं धरू नये. चार्जिंग ४.२ व्होल्टवर थांबलं पाहिजे, सेलवर थेट डाख द्यायचा नाही आणि गादीवर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून त्यावर प्रयोग करणं हे या पुस्तकात नाही. ते कुणी विचारलं तर मी उत्तरही देत नाही. तिथे स्वस्त चूक नसते.

अलीकडे माझ्याकडे येणारी मुलं डायोड बघून येत नाहीत, आर्डुइनो घेऊन येतात. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी बनलेला हा बोर्ड आता आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्रत्येक प्रकल्पात असतो. मला त्याचं कौतुक आहे. जुन्या लोकांसारखं "आमच्या वेळी" मी म्हणणार नाही. पण त्याच्यासोबत येतो तो निळ्या ठोकळ्याचा रिले बोर्ड. त्याच्या वरच्या बाजूला पाच व्होल्टच्या निरुपद्रवी पिना आणि खालच्या बाजूला पंख्याची २३० व्होल्टची उघडी टोकं, मध्ये बोटभर अंतर. मोबाइलवरून पंखा चालू झाला की पोरगा आनंदाने बोर्ड हातात उचलून दाखवतो. असा उचललेला बोर्ड मी दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. खाली प्लास्टिकची पेटी, वर झाकण, मग दाखवा. पाचव्या प्रकरणाचा अर्धा भाग या एका बोर्डावर खर्ची पडला आहे.

काही गोष्टी जुन्या झाल्या म्हणून गाळाव्या लागल्या. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर मी पंचवीस पानं लिहिली होती, ती काढली. बिनबॅटरीचा रेडिओ ठेवला आहे, पण नळाचे पाइप आता प्लास्टिकचे झाल्यामुळे अर्थिंगचा परिच्छेद नव्याने लिहावा लागला. सिरीज बोर्डाबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. त्याला तारेचाच बल्ब लागतो, एलईडीचा चालत नाही, आणि तारेचे बल्ब दुकानातून नाहीसे होत चालले आहेत. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा माल निघाला तेव्हा मी शंभर वॅटचे सात बल्ब उचलले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले. ही प्रस्तावना लिहायला बसण्याआधी त्यांच्यावरची धूळ पुसायला घेतली, आणि एक हातातून निसटला. मी तो झेलायला गेलो नाही. आता सहा आहेत.